भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बीदर व गुलबर्गा (आता कलबुर्गी) जिल्ह्यांचा मोठा भाग म्हैसूर राज्यात आला. भालकी, औराद, आळंद या तालुक्यांतील मराठी भाषक नव्या राज्यात अल्पसंख्य ठरले. अशा समाजांसाठी त्याच वर्षी सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-ख घालण्यात आला. त्यान्वये विशेष अधिकाऱ्याची नियुक्ती राष्ट्रपती करतात. त्याचा अहवालही त्यांच्याकडेच जातो व संसदेपुढे ठेवला जातो. ज्या राज्याविषयी गाऱ्हाणे, त्या राज्याचा तो सेवक नाही, हे यातील मर्म होय. तथापि मुख्य निवडणूक आयुक्तास पदच्युतीविरुद्ध घटनेने दिलेले संरक्षण त्यास नाही. शाळेत मराठी शिक्षक नेमा, असा हुकूमही तो काढू शकत नाही. चौकशी करून कळवू शकतो. हा अधिकार तोकडा खरा, परंतु क्षुल्लक नव्हे. अहवाल संबंधित राज्य शासनासही पाठविला जातो.

अनुच्छेद ३५० मुळे अर्ज मराठीत करता येतो. त्यात इयत्तावार विद्यार्थिसंख्या अवश्य द्यावी. मातृभाषेच्या शिक्षकासाठी शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी हा निकष १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेने ठरविला होता.