मुलाला जमिनीवर उतरू द्या

वारजे माळवाडीच्या वस्तीत सकाळी आठच्या आत कितीतरी भगिनी घराबाहेर पडतात. कुणी कर्वेनगर-कोथरूडच्या इमारतींत धुण्याभांड्याला जाते, कुणी बांधकामावर. तान्हे मूल आजीपाशी, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते. खोली एकच. खाली ठेवावे तर शेगडी, पाण्याची बादली आणि उंबऱ्यापलीकडे गटार. म्हणून मूल झोळीत, कडेवर किंवा वॉकरमध्ये असते. रडले की हातात मोबाईल. यात आईचा दोष नाही. परंतु मातांनो, मुलाचे हातपाय तयार होतात ते जमिनीवर, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

प्रथम खोलीचा एक कोपरा मोकळा करा. तेथे वाकळ किंवा सतरंजी अंथरा. बादली रिकामी करून पालथी घाला, कारण थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. शेगडी, सुरी, औषधे आणि रॉकेल उंचावर ठेवा. एवढे केले की आजीलाही धास्ती राहत नाही.

मूल जागे असताना आणि कोणीतरी जवळ असताना त्याला पोटावर पालथे ठेवावे. झोपवताना मात्र पाठीवरच. पालथे ठेवल्याने मान, खांदे व पाठ बळकट होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, अजून स्वतः सरकू-रांगू न लागलेल्या बाळाला दिवसातून थोडे थोडे मिळून निदान अर्धा तास असे पालथे ठेवावे. एक वर्षाखालील बाळाला टीव्ही-मोबाईल मुळीच दाखवू नये, आणि कोणत्याही लहान मुलाला सलग एक तासापेक्षा जास्त वेळ बांधून किंवा अडकवून ठेवू नये, असेही त्यात म्हटले आहे.

शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले, आपले अजून उभेही राहत नाही, म्हणून पुष्कळ माता रडकुंडीला येतात. या संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली निष्कर्ष दिले. आधाराशिवाय बसणे साधारण चौथ्या ते नवव्या महिन्यात येते. एकट्याने चालणे आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही येते. काही मुले तर रांगतच नाहीत, एकदम उभी राहतात. तेव्हा तुलना करून मुलाला ओढू नका.

लवकर चालावे म्हणून चाकांचा वॉकर घेऊ नका. त्यात बसलेले मूल पायांच्या बोटांनी ढकलते, तोल सांभाळायला शिकत नाही. उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून उलटण्याची भीती वेगळीच. कॅनडा देशाने 2004 साली अशा वॉकरवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा यापेक्षा बरा. मूल स्वतः उभे राहू लागले की ते त्याच्या दांडीला धरून, आपल्या पायांवर भार देऊन चालते. तोही सपाट जागी आणि नजरेसमोरच द्यावा.

आता हाताविषयी. वर्षाच्या आसपास मूल अंगठा व बोटाच्या चिमटीत वस्तू धरू लागते. तेव्हा ताटलीत भाताची शिते ठेवा, त्याचे त्याला वेचून खाऊ द्या. सांडले तर सांडू द्या. दोन वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा मळायला द्या, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतू द्या. तीन वर्षांनंतर दोरीवरचे चिमटे लावणे-काढणे, वाटाण्याच्या शेंगा सोलणे, शर्टाची बटणे लावणे त्याला जमू लागते. सोबत चेंडू फेकणे, उड्या मारणे हवे. पुढे लंगडी. मात्र लहान मुलाच्या हाती चिंचोके, मणी, शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. मूल डावऱ्या हाताने काम करीत असेल तर हात बदलायला लावू नये.

हल्ली तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पाटीभर अक्षरे काढून घेण्याची घाई होते. ज्या बोटांनी कणीक मळली नाही, शेंग सोलली नाही, ती बोटे पेन्सिल धरताना लवकर थकतात. मग मुलाला ‘ढ’ म्हटले जाते.

महाराष्ट्रात हे फार पूर्वी ओळखले गेले. ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. 1957 पासून दोघींचे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत चालले. महागडी परदेशी साधने त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया हीच साधने केली. गरीब मूल बालवाडीत येत नाही असे दिसताच बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1975 पासून सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर नेले.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. चार महिने पूर्ण होऊनही मान धरत नाही, नऊ महिने होऊनही बसत नाही, अठरा महिने होऊनही चालत नाही, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटते, पहिल्या वर्षातच एकच हात वापरते, किंवा येत असलेली हालचाल बंद पडली, तर दृष्ट काढण्यात आणि गंडेदोरे बांधण्यात दिवस घालवू नका. ‘मोठे झाले की होईल’ असेही म्हणू नका. अंगणवाडी सेविकेला सांगा, महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून अशा मुलांची मोफत तपासणी होते, आणि गरज असल्यास त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. लवकर व्यायाम सुरू झाले तर मुलाला अधिक फायदा होतो.

आणि हे काम आईचे एकटीचे नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर वडिलांनीही पंधरा मिनिटे सतरंजीवर बसावे. चेंडू इकडून तिकडे लोटावा, मुलाला अंगावर चढू द्यावे. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखेच खेळू द्यावे.