स्तनाचा कर्करोग : रक्ताचा अहवाल आणि गाठीचा अहवाल

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात धाराशिव व बीड या दोन जिल्ह्यांची एकत्रित नोंद घेतली गेली आहे. २०१२ ते २०१६ या कालखंडाच्या अहवालानुसार स्त्रियांमधील कर्करोगाचे वयसमायोजित प्रमाण येथे दर लाखामागे ४९.४, म्हणजे देशातील नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी आढळले. ही बाब समाधानाची खरी. परंतु ज्या घरातील मातेला हा रोग जडतो, त्या घराला सरासरीचा आधार नसतो. तिचे भवितव्य बव्हंशी दोन गोष्टींवर अवलंबून असते : निदान वेळेवर होणे आणि प्रयोगशाळेतील योग्य तपासणी होणे.

रक्ततपासणीची मर्यादा

स्तनात गाठ जाणवताच "रक्त तपासून घ्या, काय ते कळेल" असा सल्ला सद्भावनेने दिला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. सीए १५-३ हा रक्तातील अर्बुदसूचक, म्हणजेच ट्यूमर मार्कर, रोगाच्या प्रारंभी पुष्कळदा वाढलेला नसतो. उलट यकृताच्या विकारासारख्या अन्य कारणांनीही तो वाढू शकतो. म्हणून अहवाल चांगला आला तरी निर्धास्त होऊ नये आणि वाईट आला तरी कर्करोग ठरला असे मानू नये. शरीरात अन्यत्र पसरलेला रोग उपचारांना कसा प्रतिसाद देतो हे पाहण्यासाठी, इतर तपासण्यांच्या जोडीने, या चाचणीचा उपयोग होतो.

गाठीच्या तुकड्याची साक्ष

निदान होते ते बायॉप्सीने. सुईने काढलेला गाठीचा लहान तुकडा विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कर्करोग आढळल्यास त्याच तुकड्यावर तीन सूचक पाहिले जातात : इस्ट्रोजेन ग्राही, प्रोजेस्टेरॉन ग्राही आणि हर-टू हे प्रथिन. कर्कपेशींपैकी किमान एक टक्का पेशींच्या केंद्रकांत इस्ट्रोजेन ग्राही रंगलेला दिसला, तर संप्रेरकविरोधी गोळ्यांचा विचार करता येतो. हर-टूचा अहवाल शून्य ते तीन या श्रेणीत येतो. तीन म्हणजे होकारार्थी. दोन म्हणजे संदिग्ध, आणि तेथे जनुकाची पुढील तपासणी आवश्यक ठरते. हर-टू होकारार्थी असल्यास ट्रॅस्टुझुमॅबसारखे औषध उपयुक्त ठरते. तिन्ही नकारार्थी असल्यास उपचारांची दिशा पुन्हा बदलते.

या तपासणीचे यश प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच ठरते. काढलेला तुकडा एका तासाच्या आत योग्य फॉर्मॅलिन द्रावणात बुडवावा लागतो आणि त्यात किमान सहा तास, परंतु बहात्तर तासांहून अधिक नाही, ठेवावा लागतो. यात हयगय झाल्यास असलेला सूचकही दिसेनासा होऊ शकतो आणि रुग्ण योग्य औषधास मुकते.

ऊसतोडीच्या फडावरील प्रश्न

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. "पट्टा पडल्यावर दाखवू" म्हणून गाठ दुर्लक्षिली गेल्यास मोलाचे महिने वाया जातात. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी तर सामान्यतः किमान पाच वर्षे घ्यावी लागते. फडावर ती खंडित होता कामा नये. म्हणून स्थलांतरापूर्वी पुरेशा गोळ्या आणि गाठीच्या अहवालाची प्रत सोबत असावी. मूळ अहवाल घरी जपून ठेवावा.

गावाचे कर्तव्य

मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने तपासले. या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार करता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. मात्र पन्नाशीपुढील स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती.

यावरून मार्ग स्पष्ट होतो. शिक्षकांनी माता-पालक मेळाव्यात हा विषय संकोच न बाळगता मांडावा. पंचायत सदस्यांनी ऊसतोडीस निघण्यापूर्वी आरोग्य उपकेंद्रात महिलांची तपासणी घडवून आणावी. संशयित रुग्णास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अथवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथे पाठवावे, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखालील उपचारांची चौकशी करण्यास तिच्या कुटुंबाला साहाय्य करावे. ती परतल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : "ताई, गाठीच्या तुकड्याचा अहवाल मिळाला का?" त्या एका कागदावर तिच्या पुढील उपचारांची सारी दिशा अवलंबून असते.