न पाठवलेला निरोप

तानपुरा मनासारखा जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. गवयी त्याला स्वयंभू गांधार म्हणतात आणि तो कानावर पडेपर्यंत खुंट्या पिळत बसतात. अमेरिकेत चौघांनी वाद्याशिवाय एकत्र गाण्याचा ‘बार्बरशॉप’ नावाचा एक प्रकार आहे. त्यातही चार आवाज शुद्ध श्रुतींवर एकमेकांत नेमके मिसळले, की वरच्या सप्तकात एक पाचवाच आवाज झंकारू लागतो. चौघांपैकी तो कुणीच गात नसतो. त्याला ते ‘रिंग’ म्हणतात, आणि सारी तालीम त्या एका क्षणासाठी असते.

मी या गाण्याकडे गेलो तो जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नादापायी. बालगंधर्वांच्या तबकड्या जमवता जमवता एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांपर्यंत पोचलो. एका नळकांड्यावर जेमतेम दोन मिनिटं मावत. पुढे 1908 पासून चार मिनिटांची निघाली. त्यांवर शंभर वर्षांपूर्वीच्या चौकड्या गाताना ऐकू येतात, भजी तळल्यासारखी खरखर पार करून. अशा मुद्रणांचा माग काढत असताना रॉब टोपोल्स्की हे नाव मला पहिल्यांदा भेटलं, आणि ते संगीताच्या पुस्तकात नव्हे, अमेरिकेतल्या इंटरनेटच्या एका खटल्याच्या कागदांत. गेली कितीतरी वर्षं मी त्या कागदांत अधूनमधून जाऊन बसतो. नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट पुरवठादाराने तारेतल्या मजकुरात भेदभाव करू नये या तत्त्वावर, आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. मला सांगायचं आहे ते या बार्बरशॉप गाणाऱ्या माणसाबद्दल आणि त्याने पकडलेल्या एका खोट्या आवाजाबद्दल.

टोपोल्स्की ओरेगनचा. सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात मुरलेला; इंटेलमध्ये त्याने तेच काम केलं होतं. 2007 साली तो बार्बरशॉपची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुद्रणं फाइल शेअरिंगच्या जाळ्यावर ठेवू पाहत होता, आणि ती काही केल्या जात नव्हती. समोरचा माणूस फाइल मागे, जोडणी होई आणि लगेच तुटे. दुसऱ्या कुणी इंटरनेट कंपनीला दोन शिव्या हासडून नाद सोडला असता. याने पॅकेट, म्हणजे तारेवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं आणि तारेवरून काय जातं, काय येतं, ते एकेक वाचायला बसला. वेगवेगळे प्रोग्रॅम लावून पाहिले. नुटेला, ईडाँकी, बिटटॉरेंट, सगळीकडे तेच. डाउनलोड होई, अपलोड मरे. मरताना प्रत्येक वेळी एक पॅकेट येई, ‘रिसेट’चं.

या रिसेटपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्यात आहे.

दोन संगणक बोलतात ते टीसीपी नावाच्या रीतीने. सप्टेंबर 1981 मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली ती लिहून काढली गेली. तीत रिसेटची एक सोय आहे. समजा, बोलता बोलता एक संगणक बंद पडला आणि पुन्हा चालू झाला. जुनं संभाषण त्याला आठवत नाही, पण समोरचा अजून बोलतोच आहे. अशा वेळी तो रिसेट पाठवतो: मला हे बोलणं ठाऊक नाही, सोडून दे. समोरचा काही न विचारता जोडणी मोडतो. विचारायची गरजच नसते, कारण हे सांगणारा दुसऱ्या टोकाचाच आहे हे गृहीत असतं. मराठीत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, सांगावा आणि रजा. रिसेट दोन्ही अर्थांनी निरोप आहे.

टोपोल्स्कीच्या संगणकावर येणाऱ्या रिसेटवर समोरच्या माणसाचा पत्ता होता. समोरच्याला जाणाऱ्या रिसेटवर टोपोल्स्कीचा. दोघांपैकी कुणीच तो पाठवला नव्हता. मधे बसलेल्या कोणीतरी दोघांच्या नावाने तो लिहिला होता. मधे बसलेली होती कॉमकास्ट, अमेरिकेतली सगळ्यात मोठी केबल कंपनी.

मे 2007 मध्ये त्याने आपलं निरीक्षण जाहीरपणे मांडलं. कंपनीने नाकारलं: आम्ही काहीही अडवत नाही. ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी घेतली. त्यासाठी निवडलेली फाइल म्हणजे किंग जेम्स बायबल. चोरीचा आरोप होण्याची शक्यताच नाही असं पुस्तक. तीनपैकी दोन वेळा ते पोचलं नाही, तिसऱ्या वेळी दहा मिनिटं खोळंबलं. बातमीदाराने दिलेली उपमा मला अजून चपखल वाटते: टेलिफोनची ऑपरेटर मधेच घुसते आणि दोघांनाही एकमेकांच्या आवाजात सांगते की आता मी फोन ठेवतो.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनने दोन्ही टोकांना पॅकेटांची नोंद ठेवून ती ताडून पाहिली. या टोकाला आलेले रिसेट त्या टोकाहून निघालेच नव्हते. नोव्हेंबर 2007 मध्ये त्यांचा अहवाल आला, पीटर एकर्सली, फ्रेड फॉन लोहमन आणि सेथ शोन यांचा. ‘थ्रॉटलिंग’ वगैरे सौम्य शब्द बाजूला ठेवून त्यांनी शीर्षकातच या प्रकाराला पॅकेटांची बनावट म्हटलं. मला तो शब्द योग्य वाटतो. वेग कमी करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहिणं वेगळं. आदल्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं होतं की चीनचं सरकार नको असलेले शब्द दिसताच संभाषण तोडण्यासाठी हेच बनावट रिसेट वापरतं. तंत्र तंतोतंत तेच होतं.

कंपनीचीही एक बाजू होती आणि ती पोकळ नव्हती. केबलचं इंटरनेट चाळीतल्या सामाईक नळासारखं असतं. आळीतल्या सगळ्यांची वर जाणारी वाट एकच, आणि ती उतरत्या वाटेपेक्षा कितीतरी अरुंद. घरोघरी लोक घेतील जास्त आणि देतील कमी, या हिशोबाने ती बांधलेली. बिटटॉरेंटने तो हिशोब उलटा केला. फाइल पुरी झाल्यावरही संगणक इतरांना ती देत राहतो, याला सीडिंग म्हणतात. आपल्या पंगतीत जेवून उठलेला माणूस पदर किंवा धोतर खोचून वाढायला उभा राहतो, तसं. त्याने अरुंद वाट तुंबत असेल, तर कंपनीने काही करायला हवं हे कुणीही मान्य करील.

पण तिने नेमकं काय केलं, हे मला ज्या कागदात सापडलं, त्याने माझं मत कायमचं ठरवलं. 19 सप्टेंबर 2008 रोजी, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या (एफसीसीच्या) आदेशावरून, कॉमकास्टने आपली पद्धत लेखी सादर केली. तोवर वर्षभर नाकारणं आणि ‘आम्ही फक्त उशीर लावतो’ असं सांगणं झालं होतं. या कागदात एक छोटं कोष्टक आहे. कॉमकास्टने बसवलेली, कॅनडातल्या वॉटर्लूच्या सँडवाइन कंपनीची यंत्रं पाच प्रकारची फाइल शेअरिंग ओळखत. एखाद्या परिसरात एका वेळी किती एकेरी अपलोड चालू द्यायचे, याची प्रत्येकाला मर्यादा दिलेली. एरीसला 150. नुटेलाला 80. ईडाँकीला 42. फास्टट्रॅकला 24. बिटटॉरेंटला 8. त्यापुढचे आले की रिसेट.

‘एकेरी’ हा शब्द मी त्या रात्री बराच वेळ पाहत होतो. घेता घेता देणाऱ्याला धक्का नव्हता. ज्याचं घेऊन झालं आहे आणि जो आता फक्त देतो आहे, तोच तोडायचा. पंगतीतून नेमके वाढपी उठवायचे. आणि या मर्यादा त्या घडीला वाट तुंबली आहे की मोकळी, हे पाहून लावलेल्या नव्हत्या. दिवसरात्र त्याच. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ‘ग्लासनोस्त’ नावाची चाचणी जगभरच्या लोकांना उपलब्ध करून दिली होती. तिच्यातही हेच दिसलं: अडवणूक गर्दीच्या तासांपुरती नव्हती. मग गर्दीचं कारण उरतं कुठे?

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. 2008 च्या अखेरीस कंपनीने स्वतःच तो काढला आणि पुढे 2010 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत छापूनही टाकला. वाट खरोखर तुंबली असेल तेव्हाच, आणि त्या घडीला जास्त वापर करणाऱ्याला थोडा वेळ मागे ठेवायचं. तो काय पाठवतो आहे, हे बघायचंच नाही.

बघायचंच नाही, ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वेगाचा प्रश्न आणि खासगीपणाचा प्रश्न वेगवेगळे आहेत असं आपण समजतो. पण बिटटॉरेंटला आठ आणि नुटेलाला ऐंशी असा भेद करायचा, तर आधी प्रत्येकाच्या तारेत डोकावून हे काय चाललं आहे ते ओळखावं लागतं. गाणी पाठवणारा, बायबल पाठवणारा, सिनेमा चोरणारा, सगळ्यांच्याच तारेत. लोकांनी यावर उपाय म्हणून संभाषण कूटबद्ध केलं. 2006 पासून टॉरेंटच्या प्रोग्रॅमांत ती सोय होती. सँडवाइनच्या यंत्रांना त्याने फारसा फरक पडला नाही. शब्द कळले नाहीत तरी बोलण्याच्या ढबीवरून ती ओळखत. आयोगाच्या आदेशातही टपालाची उपमा आहे: पाकिटावरचा पत्ता किंवा तिकीट पाहून नव्हे, तर आतलं पत्र कसलं आहे ते पाहून बटवडा करण्यासाठी ही कंपनी गिऱ्हाइकांची पाकिटं फोडते आहे.

टोपोल्स्कीने हे पुढच्याच वर्षी आणखी एका ठिकाणी पकडलं. नेबूॲड नावाची कंपनी इंटरनेट पुरवठादारांकडे आपली यंत्रं बसवत होती. कोण काय पाहतं यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायच्या, हा धंदा. जून 2008 मधल्या अहवालात त्याने दाखवलं की गूगलचं पान येऊन संपलं की शेवटी एक जादा पॅकेट चिकटतं. त्यावर नाव गूगलचं, पण गूगलने ते पाठवलेलं नाही. त्यातला कोड ब्राउझरला परस्पर तिसऱ्याच ठिकाणी नेई आणि मागाची खूण ठेवून येई. पुन्हा तोच खोटा आवाज. पुढच्या महिन्यात अमेरिकन काँग्रेससमोर सुनावण्या झाल्या, पुरवठादारांनी अंग काढून घेतलं आणि 2009 मध्ये नेबूॲड बंद पडली. ज्या यंत्राला वेग कमी करण्यासाठी डोकावायला शिकवलं जातं, ते जाहिरातीसाठी डोकावायला एक पाऊलही लांब नसतं. या दोन प्रकरणांत तेरा महिन्यांचंच अंतर आहे.

खटल्याचा पुढचा भाग थोडक्यात. 25 फेब्रुवारी 2008 ला हार्वर्डला आयोगाची सुनावणी झाली. कंपनीने पैसे देऊन माणसं आणून खुर्च्या अडवल्या होत्या, हे तिनेच नंतर मान्य केलं. त्यांतली काही पेंगत होती, आणि ज्यांना ऐकायचं होतं ते लोक दाराबाहेर राहिले. 17 एप्रिलला स्टॅनफर्डच्या सुनावणीत टोपोल्स्कीने साक्ष दिली. कंपनी तिथे आलीच नाही. 1 ऑगस्टला आयोगाने 3 विरुद्ध 2 मतांनी कंपनीच्या विरोधात निर्णय दिला, दंड मात्र केला नाही. 6 एप्रिल 2010 ला अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कंपनीने केलं ते बरोबर म्हणून नव्हे, तर आयोगाला तो अधिकारच नव्हता म्हणून. अधिकाराचा हा झगडा पुढे 2015, 2017, 2024 असा झुलत राहिला आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने पुन्हा आयोगाच्या विरोधात कौल दिला. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात 1 कोटी 60 लाख डॉलरची तडजोड झाली, माणशी जास्तीत जास्त 16 डॉलर. चूक कबूल केली गेली नाही.

आपल्याकडे कायद्याची स्थिती त्या मानाने बरी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. दहा लाखांहून जास्त लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायला ईमेल लिहिल्या, फेब्रुवारी 2016 मध्ये भेदभावाच्या दरांवर बंदी आली आणि जुलै 2018 मध्ये केंद्राने अडवणूक, मुद्दाम मंदावणं आणि काहींना जादा वेग देणं, तिन्हींना मनाई करणारी तत्त्वं मान्य केली. पण खोट्या आवाजाचा अनुभव आपल्यालाही आहे. जून 2015 मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला दिसलं की एअरटेलच्या थ्रीजीवरून उघडल्यावर त्याच्या स्वतःच्या वेबसाइटमध्ये त्याने न लिहिलेला कोड येतो आहे. त्याने तो सगळ्यांना दाखवला. उत्तर म्हणून कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीची कायदेशीर नोटीस आली, मुंबईच्या वकिलांमार्फत. एअरटेलने सांगितलं की हे डेटाचा वापर मोजण्यासाठी होतं, आणि नोटिशीशी आपला संबंध नाही. घरात शिरलेला माणूस दाखवून देणाऱ्यालाच नोटीस, याचा राग मला अजून येतो.

टोपोल्स्कीच्या गाण्यांचीही एक गोष्ट राहिली. शंभर वर्षं जुनी ती गाणी केव्हाच सगळ्यांची झाली असणार, असं मीही धरून चाललो होतो. चाली आणि शब्द मोकळे होतेही. पण अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्यात 1972 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना जागाच नव्हती. ती त्या त्या राज्याच्या कायद्यांत अडकून पडली होती, एडिसनची नळकांडीसुद्धा. आपल्याकडे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांनी मोकळं होतं, म्हणून गंधर्वांच्या तबकड्या मी निर्धास्तपणे कुणालाही देतो. अमेरिकेला ही गाठ सोडवायला 2018 चा नवा कायदा करावा लागला. त्यानुसार 1 जानेवारी 2022 रोजी 1923 पूर्वीची झाडून सगळी मुद्रणं एका दिवसात सार्वजनिक झाली. त्या आठवड्यात मी एका चौकडीचं नळकांडं उतरवून घेतलं, हेडफोन लावले आणि खरखरीच्या वर तो पाचवा आवाज येतो का ते ऐकत बसलो. दोन मिनिटांच्या गाण्यात शेवटच्या स्वराला, अगदी क्षणभर, तो आला. फाइल तेव्हापासून माझ्या संगणकावर सीडिंगला आहे.