रिफ्रॅक्टोमीटर कुठे तोडायचा?

श्रीगोंद्यात घोड-कुकडीच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडणीला आला का, हे पाहायला कारखान्याच्या शेतकी विभागाचा माणूस कांडी टोचतो, रसाचे दोन थेंब एका छोट्या यंत्राच्या काचेवर ठेवतो आणि ते उजेडाकडे धरतो. रसात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर म्हणजे १ अंश ब्रिक्स. बुडख्याचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पक्व.

या यंत्राला आपण रिफ्रॅक्टो-मीटर म्हणतो. अर्थाच्या दृष्टीने ही फोड बिनचूक आहे. ‘रिफ्रॅक्ट’ म्हणजे वाकवणे, हे लॅटिनमधले. ‘मीटर’ म्हणजे माप, हे ग्रीकमधले. मधला ‘ओ’ सांध्यापुरता. इंग्रजी उच्चार मात्र हा सांधा जुमानत नाही. तो री-फ्रॅक्-टॉम्-इ-टर असा तुटतो आणि सगळा जोर ‘टॉम्’वर पडतो. जोर पडलेला ऱ्हस्व स्वर पुढचा ‘म’ ओढून घेतो आणि ‘मीटर’ फुटून जातो.

‘क्टो’ हे जोडाक्षर एकत्र लिहिलेले दिसते, म्हणून विद्यार्थी ‘फ्रॅ-क्टो’ असे तोडतात. खरे तर यावरचा उपाय आपल्याच छंदशास्त्रात आहे. ‘पत्र’मधला ‘प’ गुरू का? कारण ‘त्र’मधल्या ‘त्’चा आघात मागच्या अक्षरावर येतो. ‘तुझ्या’मध्ये तसा आघात नाही, म्हणून ‘तु’ लघूच राहतो. ज्याने वृत्तांचे गण पाडले आहेत, त्याच्या कानाला ‘फ्रॅक्’ आपोआप सापडतो. हे इंग्रजीच्या तासाला कुणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मराठीत बोलताना थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर खुशाल म्हणावे. ते शब्द आता आपले आहेत. पण मुलाखतीत किंवा परिषदेत इंग्रजी बोलताना ‘ओमीटर’ दिसला की जोर त्या ‘ओ’वर द्यावा: थर्मॉमिटर, बरॉमिटर, हायग्रॉमिटर. व्होल्टमीटरमध्ये तो ‘ओ’ नाही, म्हणून ‘मीटर’ शाबूत राहतो. किलोमीटर, सेंटीमीटर ही यंत्रे नसून एकके आहेत. त्यांचा जोर रूढीने पहिल्या अक्षरावर असतो. तरी यंत्रांच्या नावांच्या ओघात कित्येक इंग्रजीभाषकही ‘किलॉमिटर’ म्हणतात, आणि शब्दकोशांनी तो उच्चारही नोंदवला आहे.