दंडावरचा वण

अंधेरीला चढलेल्या गर्दीत वरची कडी धरलेले हात नाकासमोर येतात. बिनबाह्यांच्या कुडत्यातून डाव्या दंडावरचा मसुराएवढा, जरा सुरकुतलेला वण हमखास दिसतो. बीसीजी या क्षयाच्या लशीचा. (पन्नाशी उलटलेल्यांच्या दंडावर देवीच्या लशीचाही असतो, तो वेगळा.) काल्मेत आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचा जंतू बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर तेरा वर्षं, २३० वेळा वाढवून त्याचे दात पाडले. १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा बाळाला दिली गेली.

दात पाडले, तरी जंतूची भिंत राहतेच. ही भिंत म्हणजे साखरेचे धागे अमिनो आम्लांच्या टाक्यांनी शिवलेली जाळी. पेनिसिलिन हे टाकेच पडू देत नाही. जंतूला वाढायचं तर जाळी उसवून पुन्हा विणावी लागते, आणि त्यात चिंध्या निघतात. या भिंतीतली म्युरामिक आम्ल नावाची साखर आपल्या पेशी बनवत नाहीत. म्हणून चिंधी सापडली, की शरीर ओळखतं : घरात कोणीतरी परकं आहे.

तेलात घोटलेले मेलेले क्षयजंतू टोचले, की प्राण्यांची प्रतिकारशक्ती भडकते, हे जुनं ज्ञान. त्यातला नेमका भडकावणारा तुकडा १९७४ मध्ये फ्रान्समध्ये लेडरर यांच्या चमूने हुडकला. एक साखर, दोन अमिनो आम्लं, बस्स. नाव म्युरामिल डायपेप्टाइड. तो ओळखणारं नॉड-२ हे प्रथिन आपल्या पेशींच्या आत बसलेलं असतं, हे २००३ मध्ये कळलं. क्षयजंतूच्या त्या साखरेवर ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो, आणि तेवढ्यानं नॉड-२ अधिक जोरात खडबडून उठतं. एका अणूचा हा वट मला अजून चकित करतो. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं, की बीसीजी टोचलेल्या निरोगी माणसांच्या पांढऱ्या पेशी तीन महिन्यांनीही भलत्याच जंतूंना जास्त जोमानं भिडत होत्या. हा धडाही नॉड-२ मार्फतच गिरवला गेला होता.

मेलेल्या जंतूवर भिस्त ठेवणारे परळलाही होते. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून ‘आयसीआरसी’ जंतू वाढवला. पुढे किरणांनी मारलेल्या याच जंतूंची लस झाली. दक्षिण भारतातल्या चाचणीत तिने कुष्ठरोगापासून सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, बीसीजीने ३४.

मुलुंडच्या महापालिका दवाखान्यात मात्र प्रश्न साधे असतात. बीसीजी टोचून महिना झाला, दंडावर फोड आलाय, पू दिसतोय. घाबरलेल्या आईला सिस्टर म्हणते, “ताई, त्याला काही लावू नका. हळदसुद्धा नको. आपोआप खपली धरेल.”