ध्यान रोजचं कसं होईल?

ध्यानाची सवय इच्छाशक्तीवर नव्हे, ठरलेल्या वेळेवर टिकते, असं माझं ठाम मत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला अंदाजे २५४ दिवस लागतात असं दिसलं, मध्यक ६६. म्हणजे २१ दिवसांत सवय लागलीच पाहिजे, हा हट्ट सोडलेलाच बरा. शिवाय एखादा दिवस चुकला म्हणून घडी विस्कटत नाही.

हा अभ्यास ध्यानाचा नव्हता, हे खरं. पण सकाळच्या चहाआधी दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देणं हीही रोजच्या वेळेला बांधता येणारी कृतीच आहे. “मन भटकतं, मला जमत नाही,” ही तक्रार मात्र मला पटत नाही. मन भटकल्याचं लक्षात येणं, त्याला परत श्वासावर आणणं, हाच तर सराव! तीव्र मानसिक त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी जरूर बोला.