चेपते तेच हेल्मेट खरे

पडल्यावर सायकलचे हेल्मेट तडकले की माल हलका निघाला म्हणून लोक दुकानदाराला बोल लावतात. खरे तर चेपणे हेच त्याचे काम आहे आणि जोरात चेपताना ते तडकूही शकते. बाहेरचे प्लॅस्टिक नावापुरते असते; डोके वाचवतो तो आतला दोन-अडीच सेंटिमीटरचा थर. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा थर्माकोल, फक्त बराच दाट. ‘ईएन १०७८’ या युरोपीय मानकानुसार हेल्मेट चढवलेले नकली डोके सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर सोडतात. आपटताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. उघडे डोके या वेगातून ३ मिलिमीटरांत थांबले, तर सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट बसतो. थर्माकोल चेपत २० मिलिमीटरांत थांबले, तर ७५ पट. फरक पडतो तो थांबायला मिळालेल्या अंतराने, कवचाच्या टणकपणाने नव्हे. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद.

पण माणूस असा सरळ थोडाच पडतो? तो तिरका पडतो आणि रस्त्याला घासून डोके गिरकी घेते. नारळात सुटलेला गोटा आठवा. करवंटी झटकन फिरवली की गोटा मागे राहतो. मेंदू इतका सुटा नसतो, पण मऊ असतो. कवटीमागे रेंगाळताना त्यातले तंतू ताणले जातात. ऑक्सफर्डच्या हॉलबर्न यांनी १९४३ मध्येच जिलेटिनच्या मेंदूवर हे दाखवले होते, तरी ‘ईएन १०७८’ ही गिरकी मोजत नाही. ती कमी करायला स्टॉकहोमच्या संशोधकांनी ‘मिप्स’ आणले. यात हेल्मेटच्या आत एक अस्तर असते आणि आपटताना ते जरासे सरकते.

केस आणि टाळूची कातडी मुळातच सरकते, मग अस्तर कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. प्रयोगशाळेतले रबरी डोके हेल्मेटला जास्त घट्ट धरते, त्यामुळे फायदा फुगून दिसू शकतो. ट्रकपुढे थर्माकोल काय करणार, हा दुसरा प्रश्न. फारसे काही नाही. मात्र अपघातांच्या अनेक अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्र हिशेब झाला, तेव्हा हेल्मेटवाल्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्के कमी निघाली, आणि त्यातली बहुतेक हेल्मेटे बिनअस्तराची, साधीच होती. तेव्हा आधी कपाळ झाकणारे, पट्टा आवळून हलवले तर कपाळाची कातडीही सोबत हलेल असे हेल्मेट निवडा. अस्तराचे जादा पैसे त्यानंतर.